हिमालयात ट्रेकला जाताय? शूजच्या आधी झोपायची उंची बघा

मे महिना किंवा डिसेंबरची सुट्टी जवळ आली की ठाणे, नवी मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुप्सवर तेच तेच प्रश्न येतात. शूज कुठले घेऊ, जॅकेट भाड्याने मिळेल का, थंडी किती असेल, चार्जिंग मिळतं का. पहिल्या रात्री आपण किती मीटरवर झोपणार आणि दुसऱ्या रात्री किती, हे विचारणारं माणूस क्वचितच भेटतं, आणि हिमालयात माणसं उंचीने आजारी पडतात ती बहुतेक वेळा याच आकड्यामुळे.

आपल्याकडे गैरसमज असा की सह्याद्रीत दर रविवारी गड करतो म्हणजे आपण तयार आहोत. पाय तयार असतील, पण कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे इथे कितीही गड केलेत तरी तुमचं शरीर त्या हवेत कधी गेलेलंच नाहीये. आणि फिट माणसाला त्रास होत नाही असंही नाही, उलट फिट माणूस भराभर चढतो, डोकं दुखत असलं तरी दामटतो, आणि कधी कधी तोच आधी पडतो.

थोडक्यात काय होतं ते समजून घ्या. वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाब कमी होतो. ३,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश राहतो आणि ५,५०० मीटरवर निम्मा. शरीर आधी श्वास वाढवतं, मग किडनी रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित जुळवते, आणि या सगळ्याला दिवस लागतात, तास नाही. हा वेळ शरीराला देणं एवढंच आपल्या हातात आहे, खाली लिहिलेलं सगळं त्यासाठीच.

१. बुकिंगच्या आधी: प्रत्येक रात्रीची उंची कागदावर लिहा

ट्रेक कंपनीची पीडीएफ उघडा. त्यात मोठ्या अक्षरात शिखराची किंवा पासची, म्हणजे खिंडीची, उंची असते, ती सोडा. कॅम्पची उंची शोधा, फुटांत असेल तर ३.२८ ने भागा म्हणजे मीटर मिळतील. आता एका कागदावर एकाखाली एक लिहा, रात्र पहिली, दुसरी, तिसरी. शेजारी दोन रात्रींमधला फरक.

नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा त्याहून वर चढून परत खाली येऊन झोपलात तर चालतं, उलट चांगलंच.

हम्पता पासचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडून खूप लोक जातात. मनाली साधारण २,०५० मीटर. तिथून गाडीने जोबरा, मग चालत चिका, साधारण ३,१००. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची हजार मीटरने वाढली. दुसऱ्या रात्री बालू का घेरा, साधारण ३,६००. तिसऱ्या दिवशी पास, ४,२७० च्या आसपास, आणि झोपायला पलीकडे शिया गोरू, साधारण ३,९००. आता हे नीट बघा. मुंबईहून रात्रभर प्रवास करून थेट मनालीला पोचून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालात तर हा चढ अंगावर येतो. मनालीत एक रात्र जास्त काढली तर तोच ट्रेक बराच सुसह्य होतो, खर्च एका हॉटेलच्या रात्रीचा. दुसरी गोष्ट, पास ओलांडला की मागे फिरणं अवघड, कारण मागे जायचं म्हणजे परत पास चढायचा. म्हणून या ट्रेकमध्ये खरा निर्णय बालू का घेराला घ्यायचा असतो, पासवर नाही. कागदावर त्या रात्रीपुढे लाल फुली मारा, इथे शेवटचं ठरवायचं.

लेहचं वेगळंच आहे. मुंबईहून विमानात बसलात की काही तासांत तुम्ही ३,५०० मीटरवर. इथे नियम पहिल्याच दिवशी मोडलेला असतो, त्यामुळे भरपाई तिथेच बसून करायची: लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काहीही करायचं नाही, तीन मिळाले तर उत्तम. नंतरसुद्धा क्रम महत्त्वाचा. नुब्राचं खोरं साधारण ३,१०० मीटर, म्हणजे लेहपेक्षा खाली, आणि पँगाँग तलाव ४,२०० च्या वर, त्यामुळे आधी नुब्रा मग पँगाँग. नुब्राच्या वाटेवरची खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटर आहे, तिथे फोटो काढा आणि गाडीत बसा, चहा-मॅगी करत तासभर रेंगाळू नका.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या चांगल्या आयटिनररीत नामचे (३,४४०) आणि डिंगबोचे (४,४१०) इथे दोन-दोन रात्री असतात. "रजा कमी आहे, एक दिवस कमी करता येईल का" म्हणून लोक कापायला निघतात ते नेमके हेच दिवस. रजा कमी असेल तर छोटा ट्रेक निवडा, मोठ्या ट्रेकचे दिवस कापू नका.

चेक: कंपनीला फोन करून चार गोष्टी विचारा. प्रत्येक कॅम्पची उंची किती. एखाद्याला खाली न्यायचं झालं तर सोबत कोण जाणार. ऑक्सिजन सिलिंडर सोबत असतो का, आणि तो कुठल्या कॅम्पपर्यंत येतो. सगळ्यात जवळचा मोटर रस्ता किती तासांवर. उत्तरात गोलमाल वाटली तर दुसरी कंपनी बघा, दोन-तीन हजार वाचवायची जागा ही नाही.

२. डॉक्टरकडे कधी आणि काय विचारायला

निघायच्या दीड-दोन महिने आधी, आठवडाभर आधी नाही. ट्रेकच्या मेडिकल फॉर्मवर सोसायटीतल्या ओळखीच्या डॉक्टरकडून नुसती सही आणायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. बसून बोला. बीपी आहे का, शुगर आहे का, हार्टचं काही, दमा, स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं), हिमोग्लोबिन किती, आधी कधी वर त्रास झालाय का. गरोदर असाल तर तेही. यातल्या बऱ्याच गोष्टी असूनही लोक ट्रेक करतात, पण गोळ्यांचं वेळापत्रक, डोस, काय टाळायचं हे आधी ठरलेलं असतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खास लक्ष द्या, इन्सुलिन गोठलं की बाद होतं, ते अंगाजवळच ठेवायचं, आणि थंडीत ग्लुकोमीटर चुकीचं रीडिंग देऊ शकतो.

दाताचं राहिलेलं काम उरकून घ्या. थंड हवेत किडलेला दात किती ठणकतो ते वर गेल्यावर कळून उपयोग नाही.

सावधान: निघायच्या आठवड्यात छातीत कफ, ताप, जोराचा खोकला असेल तर जाऊ नका. छातीचं इन्फेक्शन घेऊन वर गेलं तर फुफ्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

३. तयारी: दहा-बारा आठवडे, घराजवळच

इथे उंचीची तयारी होत नाही हे एकदा मान्य करा. पाय, गुडघे, पाठ आणि दम यांची होते, आणि ती केली तर वर शरीराला एकच ओझं राहतं, उंचीचं.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस चालणं किंवा जॉगिंग. ठाण्यात असाल तर उपवनपासून येऊरचा चढ, बेलापूर-नेरुळकडे असाल तर पारसिक हिलचा रस्ता. वेग असा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे.

पुढचे चार: बिल्डिंगचे जिने. पाठीवर सॅक, त्यात पाण्याच्या बाटल्या, पाच किलोपासून सुरू करून आठ-दहापर्यंत. इथे एक चूक सगळे करतात, जिना चढतात आणि लिफ्टने उतरतात. उतरायचंही आहे, वजनासकट, कारण ट्रेकमध्ये गुडघे उतारावरच जातात.

शेवटचे चार: दर शनिवार-रविवारी एक मोठी चढाई, आणि जमेल तेव्हा लागोपाठ दोन दिवस. प्रबळगड, पेब, कर्नाळा असं जवळचं चालेल. एक दिवस दमणं सोपं आहे, दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून परत सहा तास चालणं हे शिकायचं असतं. पावसाळ्यात सराव करत असाल तर धबधब्यांच्या वाटा टाळा, खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी घातलेली असते आणि तिला कारण आहे.

नवे शूज याच दिवसांत घालून रुळवायचे. शेवटच्या आठवड्यात हलकं चाला, झोप पूर्ण करा. ऑनलाइन ते ट्रेनिंग मास्क विकतात, ते लावून श्वासाला अडथळा होतो एवढंच, उंचीची सवय त्याने लागत नाही.

चेक: पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत, आणि त्यानंतर तासाभरात नॉर्मल वाटतंय. दहा किलोची सॅक घेऊन सलग दोन दिवस पाच-सहा तास चालून गुडघे ठीक आहेत. हे होत नसेल तर ट्रेक पुढे ढकला.

४. सामान: कमी, पण बरोबर

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, मी फक्त जिथे चुकतं तेवढंच लिहिते.

एक जाड जॅकेट घेऊन भागत नाही, थर लागतात. आत थर्मल किंवा ड्रायफिट, त्यावर फ्लीस, त्यावर डाउन जॅकेट, आणि सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं कवच. चालताना बहुतेक वेळ दोनच थर लागतात, घाम येण्याच्या आधी एक काढायचा आणि थांबल्यावर लगेच घालायचा. कॉटन टी-शर्ट नको, भिजला की अंगावर तसाच थंड राहतो. जीन्स तर नकोच.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं. आपल्याकडे जानेवारीत १८ डिग्री झाली की स्वेटर निघतात, तिथे बाटलीतलं पाणी रात्रीत गोठतं. बाटली उलटी ठेवा, बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. मोबाईल, पॉवर बँक, हेडलॅम्पची बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, नाहीतर सकाळी सगळं डेड. झोपताना कोरड्या मोज्यांची एक जोडी फक्त झोपायला राखून ठेवा, ती कितीही मोह झाला तरी दिवसा घालायची नाही.

गॉगल हा फॅशनचा भाग समजू नका. बर्फावरून ऊन परत डोळ्यात येतं आणि काही तासांत डोळे सुजतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, उघडत नाहीत. बाजू झाकणारा, पूर्ण यूव्ही अडवणारा घ्या. ढगाळ असलं तरी लावा.

५. औषधांची पिशवी, आणि कापूर

डायमॉक्स, म्हणजे अॅसेटाझोलामाइड, याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ही गोळी शरीराला सवय लागण्याची प्रक्रिया लवकर करते, लक्षणं दाबून ठेवत नाही. टाळण्यासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण तुम्हाला लागते का, चालते का हे डॉक्टर ठरवणार, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगा. बोटांना, ओठांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते, तो गोळीचा परिणाम आहे. पहिली गोळी घरी असतानाच डॉक्टरांना विचारून घेऊन बघा, रिअॅक्शन आली तर जवळ हॉस्पिटल असतं. आणि डायमॉक्स घेतली म्हणून ५०० मीटरचा नियम मोडायची परवानगी मिळत नाही.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही इमर्जन्सीची औषधं आहेत, डॉक्टरांनी लिहून दिली आणि कधी, किती ते समजावलं तरच ठेवा. बाकी पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ओआरएस, पट्टी, तुमच्या रोजच्या गोळ्या. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, मोठी सॅक खेचरावर जाते आणि कधी कधी रात्री उशिरा पोचते.

कापूर. प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण रुमालात कापराच्या वड्या बांधून देतो, आणि तो प्रेमानेच देतो. कापराने नाक थंड वाटतं, मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन मात्र वाढत नाही. धोका हा की हुंगून बरं वाटलं म्हणून माणूस अजून वर जातो. शिवाय पोटात गेला तर कापूर विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. लसणाचं सूप प्या, गरम आणि चांगलं लागतं, पण औषध म्हणून नाही. छोटे ऑक्सिजनचे कॅन काही मिनिटांत संपतात, ज्याला खरंच त्रास होतोय त्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

६. प्रवास आणि पहिली रात्र

निघायच्या आधी घरातल्या एका माणसाकडे कागद ठेवा: रोजचा कॅम्प, कंपनीचा आणि गाईडचा नंबर, आणि "या तारखेला रात्रीपर्यंत फोन आला नाही तर काळजी कर" असं स्पष्ट लिहिलेलं. वर रेंज नसते हे घरच्यांना आधीच सांगा म्हणजे आई-बाबा पहिल्याच रात्री घाबरत नाहीत. लडाख-काश्मीरला जाताना पोस्टपेड सिम लागतं, आपलं इथलं प्रीपेड तिथे चालत नाही. इन्शुरन्स काढताना किती उंचीपर्यंतचा ट्रेक त्यात कव्हर होतो आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का, हे पॉलिसीत वाचा.

डेहराडूनहून सांकरीसारख्या, जिथून ट्रेक सुरू होतो अशा गावी जाताना दिवसभराचा घाटाचा रस्ता आहे. गाडी लागते, उलट्या होतात, माणूस रिकाम्या पोटी आणि सुकलेला पोचतो, आणि दुसऱ्या दिवशी चढ. गाडी लागणाऱ्यांनी निघण्याआधीच गोळी घ्या, वाटेत ओआरएस प्या. पोचल्यावर गरम जेवण आणि झोप. दारू नाही, झोपेची गोळी नाही. दोन्हींमुळे रात्री श्वास मंदावतो आणि नेमकं रात्रीच ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो.

रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं वर बऱ्याच जणांना होतं. फक्त तेवढंच असेल तर घाबरू नका, उशी उंच करून पडा.

७. चालताना

वेग ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाचा. बोलताना धाप लागली म्हणजे वेग जास्त आहे. पुढे पळून अर्धा तास बसून मागच्यांची वाट बघायची आणि ते पोचले की लगेच उठायचं, हे सह्याद्रीत सर्रास चालतं, तिथे बंद. त्यात पुढचा गारठतो आणि मागच्याला विश्रांतीच मिळत नाही.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर, घोटघोट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्याचीही डोकेदुखी-मळमळ होते, म्हणून मधे ओआरएस, खारे शेंगदाणे, सूप. भूक वर मरते, तरी दर तासाला काहीतरी तोंडात टाका, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, चिक्की. भाजणीचा चिवडा घरून नेला तर संपतोच, कारण ओळखीची चव असली की खाल्लं जातं.

८. रोजचा चेक: सकाळी आणि जेवणाआधी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कोणी करत नाही.

आपल्या माणसांना त्रास होतो तेव्हा ती "मला त्रास होतोय" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात पित्त झालंय. उन्हाने डोकं धरलंय. कालची झोप झाली नाही. राजमा बाधला. संध्याकाळी डायनिंग टेंटमध्ये सगळे ताटं घेऊन बसलेत, आणि एकजण कोपऱ्यात, टोपी खाली ओढलेली, भात नुसता चिवडतोय, थोड्या वेळाने म्हणतो "मला भूक नाही, मी जाऊन पडतो." ग्रुपला वाटतं दमला असेल, झोपू दे. त्याला झोपू देऊ नका. आधी विचारा.

२,५०० मीटरच्या वर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. पित्ताची गोळी देऊन वर चढवायचं नाही.

चार प्रश्न विचारा, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क: डोकं किती दुखतंय, मळमळ-उलटी किंवा भूक गेलीये का, थकवा किती, चक्कर किती. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे असह्य. डोकेदुखी आहे आणि एकूण तीन किंवा जास्त झाले तर तो उंचीचा आजार धरायचा. डॉक्टर आणि गिर्यारोहक वापरतात ती लेक लुईस पद्धत हीच आहे, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवता येते.

मग चालून दाखवायला सांगा. सपाट जागेवर सरळ रेष धरून, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत दहा-बारा पावलं. तोल गेला, पाय बाजूला पडला, तर परत एकदा. परत गेला तर पुढचं काही तपासत बसू नका, नवव्या टप्प्यावर जा.

ऑक्सिमीटर चालेल पण त्याच्या नादी लागू नका. ३,५०० मीटरवर ८५ ते ९० दाखवणं बऱ्याच निरोगी लोकांत दिसतं, आणि थंड बोटावर तो काहीही दाखवतो. बोट चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. बाकीच्या ग्रुपपेक्षा एखाद्याचा आकडा खूपच खाली असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष. आकडा चांगला पण डोकं फुटतंय, तर डोक्यावर विश्वास ठेवा.

लक्षात ठेवा: त्रास वर पोचल्यावर लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो, कधी दुसऱ्या दिवशी. "पोचलो, काही झालं नाही" हे दुपारी चारला म्हणण्यात अर्थ नाही.

९. त्रास झाला तर: थांबा, नाहीतर उतरा

हलका त्रास, म्हणजे डोकेदुखी, थोडी मळमळ, तोल ठीक: आज वर जायचं नाही. तिथेच आराम, पॅरासिटामॉल, पाणी, हलकं जेवण. एक-दोन दिवसांत पूर्ण बरं वाटलं, गोळीशिवाय, तरच पुढे. वाढला तर खाली.

आता दोन परिस्थिती अशा की तिथे चर्चा नाही.

मेंदूला सूज: तोल जातो, दारू प्यायल्यासारखं चालतो, बरळतो, साधी गोष्ट कळत नाही, बुटाची लेस बांधता येत नाही, गुंगीत जातो. फुफ्फुसात पाणी: बसलेला असतानाही धाप, आडवं पडलं की जास्त, कोरडा खोकला जो नंतर फेसाळ किंवा गुलाबी होतो, ओठ-नखं निळसर, चढायची ताकद अचानक गेली. फुफ्फुसाचा त्रास डोकेदुखीशिवायही होतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उठतो.

यातलं काहीही दिसलं की उतरायला सुरुवात, त्याच क्षणी. किमान ३०० ते १,००० मीटर खाली, किंवा बरं वाटेपर्यंत. रात्र असली तरी, पाऊस असला तरी, वाट चालण्यालायक असेल तर. ऑक्सिजन असेल तर लावा, गाईडकडची औषधं द्या, पण औषध दिलं म्हणून थांबू नका. त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची. फुफ्फुसाच्या त्रासात त्याला चालवू नका, उचलून, खेचरावर किंवा स्ट्रेचरवर न्या आणि गरम ठेवा, कारण श्रम आणि थंडी दोन्हींनी तो वाढतो. एकट्याला कधीच पाठवायचं नाही. भारतात असाल तर रेंज आली की ११२ किंवा १०८ ला फोन.

"सकाळी बघू" हे वाक्य इथे जीवावर बेततं. हे दोन्ही आजार काही तासांत बिघडतात.

आणि म्हणूनच कोण उतरणार, कोण सोबत जाणार हे ठाण्यात बसूनच ठरवा. निघायच्या आधी सगळ्यांनी एकदा भेटा, जोड्या लावा, आणि मोठ्याने बोलून घ्या की एकाला त्रास झाला तर त्याचा जोडीदार न विचारता सोबत उतरेल. वर गेल्यावर "पैसे भरलेत", "परत कधी रजा मिळणार", "एकट्यामुळे सगळ्यांचं वाया" हे सुरू होतं, आणि ज्याला त्रास होतोय तोच लाजून गप्प बसतो. ऑफिसचा ग्रुप असेल तर आणखीच, साहेबांसमोर कोण सांगणार. आधी ठरलेलं असलं की कोणाला मागावं लागत नाही.

१०. समिटच्या दिवशी

परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि घड्याळात लावा. शिखर पंधरा मिनिटांवर दिसत असलं तरी वेळ झाली की मागे. दुपारनंतर डोंगरात ढग भरतात, बर्फ भुसभुशीत होतो. वीज कडाडायला लागली तर माथा आणि धार सोडून खाली या, लोखंडी टोकाच्या काठ्या बाजूला ठेवा.

बोटं बधिर आणि पांढरी पडली तर बर्फाने चोळायची नाहीत, आगीजवळ धरायची नाहीत. काखेत घ्या, कोरडे हातमोजे घाला. पाय गोठला असेल आणि पुढे परत गारठणार असेल तर मधेच शेकू नका, एकदा वितळून परत गोठलेलं बोट जास्त खराब होतं.

चेक: सकाळी निघण्याआधी आठव्या टप्प्याचे चार प्रश्न आणि टाच-बोट चाल, अंधारात, हेडलॅम्पच्या उजेडात, सगळ्यांची. पाच मिनिटं लागतात.

११. उतरताना आणि घरी आल्यावर

शिखर झालं की लक्ष सुटतं आणि पाय घसरतात. लेस घट्ट करा म्हणजे अंगठे पुढे आपटत नाहीत, काठ्या थोड्या लांब करा, लहान पावलं टाका. खाली आल्यावर डोकेदुखी जायला हवी. उतरूनही गुंगी, धाप किंवा तोल जाणं राहिलं तर गाडी थेट हॉस्पिटलकडे, डेहराडूनच्या हॉटेलकडे नाही.

घरी आल्यावर फोटो टाकायच्या आधी एक नोंद करून ठेवा: कुठल्या रात्री किती मीटरवर झोपलात, कुठे डोकं दुखलं, किती मार्क झाले, डायमॉक्स घेतली होती का आणि किती. पुढच्या वेळी तुम्हाला त्रास होईल का याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज मागच्या वेळी काय झालं यावरूनच येतो, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. ती नोंद फोनमध्ये नको, मेडिकल फाईलमध्ये लावा, फोन दोन वर्षांत बदलतो.